रोग हल्याला, औषध पखालीला

आपल्या वार्षिकात दरवर्षी कविता येतात, सहलीची वर्णने येतात, परीक्षापद्धतीवरचा सात्त्विक संताप येतो. जुन्या जीपच्या पुढच्या चाकांविषयी मात्र कोणी लिहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात नाक का खुपसावे, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर हा लेख संपेपर्यंत मिळावे, अशी आशा आहे.

माझ्या मामांकडे एक जुनी जीप आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जी विलीज जीप तयार झाली, तिच्याच वंशातली. १९४७ पासून मुंबईत या गाड्यांची जोडणी होऊ लागली, पुढे त्या इथेच बनू लागल्या आणि सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांना त्या अशा मानवल्या की कित्येक गावांनी पहिले चारचाकी वाहन पाहिले ते जीपच. हिची पुढची रचना अगदी साधी असते. आडवा, अखंड, भक्कम असा एक आस. त्याला दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांचा आधार. आणि आसाच्या दोन टोकांना किंगपिनवर वळणारी चाके. स्टिअरिंगचे चक्र फिरवले की ते फिरणे पेटीत शिरते, पेटीतून खालच्या आर्मला, तिथून ड्रॅग लिंकला, मग मधल्या बेलक्रँकला आणि शेवटी टाय रॉडमार्फत चाकांना पोचते. सांधे मोजले तर हाताची बोटे पुरत नाहीत. प्रत्येक सांधा केसभर झिजला, तरी सगळ्यांची बेरीज चक्रावर दोन-तीन इंच होते.

दोन वर्षांपूर्वी ही जीप थरथरू लागली. ताशी चाळीस-पंचेचाळीसचा वेग आला आणि पुढचे चाक एखाद्या खड्ड्यात किंवा पुलाच्या सांध्यावर आपटले, की दोन्ही चाके वेड्यासारखी डावी-उजवीकडे डुगडुगू लागत. चक्र हातात राहत नसे. गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते थांबत नसे. घाटात एका बाजूला दरी असताना हे एकदा अनुभवले, म्हणजे विद्वत्ता, धैर्य वगैरे सगळे क्षणात गळून पडते. भीतीच्या भरात मामांनी गाडी तालुक्याच्या एका गॅरेजात नेली. तिथे निदान एका मिनिटात झाले: “स्टिअरिंग हलतंय ना? मग स्टिअरिंगची पेटी गेली.” पेटी उघडून नवे भाग घातले. पंधरा दिवस बरे वाटले. मग दोन नवे टायर घेतले. महिनाभर बरे वाटले. मग थरथर शोषून घेणारा एक डँपर टाय रॉडला बसवला. तीनेक महिने बरे वाटले. चौथ्या महिन्यात पुन्हा तेच.

माझे सारे म्हणणे या “बरे वाटण्या”विषयी आहे. चुकीचे निदान इतके का टिकते? कारण चुकीचा उपायही थोडासा लागू पडतो. टायरचा तोल बिघडलेला असेल, तर तो चाकाला धक्का देत राहतो. नवा, तोल साधलेला टायर आला की धक्का कमी होतो. पण त्या धक्क्याला वाढू देणारी सैल जागा तशीच राहते. डँपर तर थरथर नुसती दाबून धरतो. ताप उतरवणारी गोळी घ्यावी आणि विषमज्वर गेला असे समजावे, त्यातलाच हा प्रकार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे आपण म्हणीत हसून म्हणतो. गॅरेजात मात्र त्या बंबाचे बिल मुकाट्याने भरतो.

शेवटी गावातले सगळे ज्यांना चाचा म्हणतात, त्या म्हाताऱ्या मिस्त्रींना मामांनी बोलावले. चाचांनी पान्हा काढलाच नाही. आधी त्यांनी प्रश्न विचारले. कोणत्या वेगाला होते? ब्रेक मारताना की नुसते चालताना? वळणावर की सरळ रस्त्यावर? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: “हे सुरू व्हायच्या आधी गाडीला काय काय केलं होतं?” मामांना आठवेना. मग म्हणाले, “ओझं वाहायला पुढे दोन्हीकडे एकेक जादा पाटा टाकला होता. पण त्याचा स्टिअरिंगशी काय संबंध?” चाचा नुसते हसले.

त्यांनी हवा तपासून दोन्ही चाकांत सारखी केली आणि गाडी सपाट जागी चाकांवर उभी ठेवली. मला आत बसवून म्हणाले, “पोरी, चक्र थोडंसंच डावं-उजवं कर. चाक वळू द्यायचं नाही, नुसतं हलवत राहा.” ते स्वतः खाली आडवे झाले. प्रत्येक सांध्यावर बोट असे ठेवायचे, की अर्धे एका भागावर आणि अर्धे दुसऱ्यावर. दोन्ही भाग बरोबर हलले तर सांधा घट्ट. एक हलला आणि दुसरा उशिरा हलला, तर तिथे प्ले. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळते. पेटी निर्दोष निघाली. तिचे चेसिसवरचे बोल्टही घट्ट होते. ड्रॅग लिंकची दोन्ही टोके ठीक. बेलक्रँक मात्र आपल्या पिनवर थोडा डुलत होता. चाचांनी खडूने तिथे फुली मारली आणि पुढे गेले. एक दोष सापडला म्हणून शोध थांबवला नाही, ही गोष्ट मला तेव्हा फार महत्त्वाची वाटली नाही. आता वाटते.

मग जॅक लावून चाक अधांतरी केले. चाक घड्याळाची तबकडी मानायची. नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवले की टाय रॉडचा सैलपणा कळतो; बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले की चाकाच्या बेअरिंगचा किंवा किंगपिनचा. डावे चाक बारा-सहावर खडखडले. आता दोहोंपैकी दोषी कोण? चाचांनी मामांना ब्रेक दाबून धरायला सांगितले. ब्रेक दाबला की चाकाचा ड्रम मागच्या तबकडीला जखडला जातो आणि चाकाच्या बेअरिंगचा प्ले नाहीसा होतो. तरीही खडखड राहिली, तर ती किंगपिनची. ती राहिली. उघडून पाहिले तेव्हा खालच्या किंगपिनच्या बेअरिंगला गंज चढून खळगे पडलेले होते. आसाच्या टोकावरचे नमद्याचे सील फाटलेले होते, आणि ओढ्यातले पाणी आत जाऊन ग्रीसची माती झाली होती. पेटी, टायर आणि डँपर यांच्यावर झालेल्या खर्चाच्या मानाने बेअरिंगे आणि सील म्हणजे किरकोळ खर्च. ती बदलली, किंगपिन जितका घट्ट हवा तितका पातळ पत्र्या घालून नीट बसवला, बेलक्रँकचा बुश घातला, थरथर गेली.

पण गाडी अजून डावीकडे ओढत होती. चाचांनी पुढचे टायर डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे केला. ओढ उजवीकडे गेली असती, तर दोष टायरचा. ती डावीकडेच राहिली. ड्रमला हात लावून पाहिले. दोन्ही सारखेच कोमट, म्हणजे एका बाजूचा ब्रेक धरून राहत नव्हता. मग दोरीने पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजले. डावीकडे ते बोटभर कमी भरले! आस एका बाजूने मागे सरकला होता. पाट्यांना एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटला होता. जादा पाटा टाकल्यावर यू-बोल्ट काही दिवसांनी पुन्हा आवळावे लागतात. ते कोणी आवळलेच नव्हते. आस पाट्यांवर सरकत राहिला आणि सगळा भार त्या बोल्टवर आला. गाडी उंच झाल्याने दुसरेही एक घडले होते. चेसिसला बांधलेल्या टोकापासून आसाबरोबर वरखाली होणाऱ्या टोकाकडे जाणारा दांडा जितका तिरपा, तितकी खड्ड्यात गाडी आपोआप वळते. म्हणजे ज्याला मामा “काय संबंध?” म्हणाले होते, त्याचाच संबंध होता. दोषाचे एक टोक आमच्याच हातात होते आणि आम्ही तालुकाभर हिंडत होतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. इतक्या जुन्या गाडीत सगळेच झिजलेले असते. मग शोधत बसण्यापेक्षा सगळेच बदलून का टाकू नये? गॅरेजवाल्यालाही वेळेचे पैसे मिळत नाहीत, भागांचे मिळतात. गिऱ्हाईक दोन तासांच्या विचाराचे बिल देत नाही, नव्या पेटीचे देते. हे आपण घडवलेले आहे आणि त्याचा दोष एकट्या मिस्त्रीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण सगळे नवे भाग घालूनही आमचा आस बोटभर मागेच राहिला असता. किंगपिन मागे किती कलला आहे, हे कोणताही नवा टाय रॉड बदलू शकत नाही. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो म्हणून तिचे चाक आपोआप सरळ होऊ पाहते. जीपच्या किंगपिनचा कलही तेच काम करतो. पाटे, शॅकल बदलून तो कल बिघडवला, तर प्रत्येक भाग नवा असूनही गाडी रस्त्यावर भटकत राहील. शिवाय सगळे एकदम बदलले तर खरा दोष कोणता होता, हे कधीच कळत नाही. आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा तितकेच अज्ञानी असतो. सर्वांत वाईट म्हणजे, पैसे मोजले म्हणून गाडी दुरुस्त झाली असा विश्वास घेऊन आपण घाट उतरू लागतो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की बदलण्याआधी मोजावे. आणि स्वस्तातून महागाकडे जावे: आधी हवा, मग टायर, मग बोल्ट, मग सांधे, मग बेअरिंगे, आणि पेटी अगदी शेवटी. पेटीचा स्क्रू तर घाईने आवळूच नये. सरळ रस्त्यावर अधिक चालून पेटी मध्यभागी जास्त झिजते. तो मधला प्ले पुरता जाईपर्यंत स्क्रू पिळला, तर पूर्ण वळणावर चक्र अडकते. घाटाच्या वळणावर अडकलेले चक्र हे सैल चक्रापेक्षा भयंकर.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. इतिहासाच्या वर्गात आम्हांला सांगतात, की साधन तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. तर्कशास्त्राच्या वर्गात सांगतात, की एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. आम्ही ते परीक्षेत लिहितो आणि विसरतो. चाचा शाळेत चौथीपर्यंत गेले. टायरांची अदलाबदल करताना, ब्रेक दाबून धरायला सांगताना ते जे करत होते ते हेच होते, आणि त्यांच्या उत्तरपत्रिकेवर आमच्या घरातली चार माणसे बसून घाट उतरणार होती. अशा माणसाला आपण “नुसता मेकॅनिक” म्हणतो. त्याच्या दोन तासांच्या विचाराचे पैसे द्यायला कुरकुर करतो.

ते पैसे आनंदाने द्यावेत, एवढीच माझी विनंती. आणि आपली गाडी डुगडुगू लागली, की “काय बदलू?” असे विचारण्याआधी एकाने चक्रावर बसावे, दुसऱ्याने खाली आडवे व्हावे आणि सांध्यावर बोट ठेवावे.