हिरव्या खोक्याची भुरळ

दिवाळीच्या तोंडावर गोकुळचा दूध फरक खात्यावर जमा होतो, कारखान्यांत बोनसचा विषय निघतो आणि कोल्हापुरात शाहूपुरी-राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक ठरलेला संवाद ऐकू यायला लागतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला मुलगा, सोबत वडील आणि ग्राफिक्स कार्डासाठी बजेट वीस हजार. काउंटरवरचा पोरगा विचारतो, "कुठलं दाखवू भावा?" मुलाचं उत्तर घरातूनच पाठ झालेलं असतं: "आरटीएक्स ३०५०." वडिलांना त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण पोरगं इतकं ठामपणे बोलतंय म्हणजे बघून-वाचूनच आलं असणार, असं धरून ते मोबाइल काढतात आणि क्यूआर स्कॅन करतात. हिरवं खोकं पिशवीत जातं.

त्याच फळीवर, बहुधा शेजारीच, लाल रंगाचं दुसरं खोकं असतं. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६६००. भाव जवळपास तोच, खेळातला वेग मात्र पंचवीस-तीस टक्क्यांनी जास्त. ते खोकं सहसा कुणी मागत नाही.

ही नुसती आवडीनिवडीची बाब असती तर त्यावर वर्तमानपत्रात जागा खर्च करायची गरज नव्हती. पण घरातला महिन्याचा किराणा, फी आणि हप्ते सांभाळून बाजूला काढलेले वीस हजार एका नावाच्या जोरावर कमी मालाला जात असतील, तर ते नाव कसं वापरलं जातंय हे बघायला हवं.

आधी या दोघांची कुंडली. आरएक्स ६६०० ऑक्टोबर २०२१ मध्ये ३२९ डॉलरला बाजारात आलं, तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० जानेवारी २०२२ मध्ये २४९ डॉलरला. म्हणजे ६६०० मुळात वरच्या वर्गातलं. त्या काळात हे जाहीर भाव सामान्य गिऱ्हाइकाच्या वाट्याला आलेच नाहीत, कारण इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी लोक मिळेल त्या भावाला कार्डं उचलत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं मायनिंगची पद्धतच मोडीत काढली आणि भाव खाली आले. पण दोघांचे सारखे उतरले नाहीत. ६६०० घसरत घसरत ३०५० च्या रांगेत येऊन बसलं, ३०५० मात्र जागचं फारसं हललं नाही. त्यानंतर भारतात दोन्ही साधारण वीस-बावीस हजारांच्या घरात विकली गेली. वरच्या वर्गातलं कार्ड खालच्या वर्गाच्या भावात मिळत असताना गिऱ्हाईक खालच्या वर्गातलंच मागत होतं!

खोक्यावरचे आकडे वाचणाऱ्याचीही इथं फसगत होते. ३०५० मध्ये २५६० कोअर, ६६०० मध्ये फक्त १७९२. मेमरी दोघांची ८ जीबी, मेमरीचा रस्ता दोघांचा १२८ बिटचा, वीजही जवळपास सारखीच: एकाला १३०, दुसऱ्याला १३२ वॅट. मग जास्त कोअरचं कार्ड मागे का पडतं? कारण दोन कंपन्या कोअर वेगवेगळ्या तऱ्हेनं मोजतात, त्यामुळे ते आकडे एकमेकांसमोर ठेवण्यात अर्थच नाही. शिवाय ६६०० ची चिप तैवानच्या टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटर पद्धतीनं बनलेली, तिचा वेग २.४ गिगाहर्ट्झच्याही वर जातो; सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर पद्धतीनं बनलेल्या ३०५० चा जाहीर वेग १.७८ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. त्यात एएमडीनं चिपवरच ३२ एमबीची जादा कॅश बसवलीय, त्यामुळे मेमरीकडे वारंवार धाव घ्यावी लागत नाही.

इथवरची स्पर्धा तरी सरळ आहे. खरी मेख तिसऱ्या खोक्यात आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एनव्हिडियानं आणखी एक ३०५० आणलं, ६ जीबीचं. नाव तेच, खोक्याचा रंग तोच, भाव सोळा-सतरा हजारांच्या आसपास. बघणाऱ्याला वाटतं, दोन जीबी मेमरी कमी, बाकी सगळं सारखं. चार हजार वाचले. प्रत्यक्षात कोअर २५६० वरून २३०४ वर आले, मेमरीचा रस्ता १२८ बिटवरून ९६ बिटवर आला, वेग उतरला आणि वीज ७० वॅटवर आली. खेळात हे कार्ड जुन्या ३०५० च्या पंधरा-वीस टक्के मागे राहतं. खोक्यावर "६ जीबी" ठळक अक्षरांत असतं, नाही असं नाही. पण बाकीची काटछाट गिऱ्हाइकाला सांगायची जबाबदारी कुणीच घेत नाही.

ढोबळ हिशेब मांडून बघावा. एखाद्या मध्यम जड खेळात फुल एचडी पडद्यावर ८ जीबीचं ३०५० सेकंदाला पन्नास फ्रेम देत असेल, तर ६६०० पासष्टच्या आसपास देईल आणि ६ जीबीचं ३०५० चाळीस-एक्केचाळीस. पहिल्या दोघांचा भाव एकवीस हजार आणि तिसऱ्याचा सतरा हजार धरला, तर दर फ्रेमला ६६०० वर सव्वातीनशे रुपये पडतात आणि दोन्ही ३०५० वर चारशेच्या वर. म्हणजे सगळ्यात स्वस्त दिसणारं कार्डही स्वस्त नाही. खेळागणिक आकडे हलतील, पण क्रम सहसा हलत नाही.

शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभा राहणारा व्यापारी रव्यावरच्या कापडाकडे बघून बोली लावत नाही. कणी बघतो, रंग बघतो, तुकडा तोंडात टाकतो. त्याच गावात वीस हजारांचं कार्ड मात्र खोक्याच्या रंगावर जातं.

मेमरीचा मुद्दाही आता किरकोळ राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्सवरच्या खेळानं किमान पात्रतेतच आरएक्स ६६०० चं नाव लिहिलं आणि ८ जीबी मेमरी मागितली. मे २०२५ मधल्या 'डूम: द डार्क एजेस'नंही तेच केलं. एनव्हिडियाच्या बाजूनं दोन्ही ठिकाणी आरटीएक्स २०६० सुपर होतं. म्हणजे ६६०० उंबऱ्यावर उभं आहे आणि ६ जीबीचं ३०५० उंबऱ्याबाहेर. हौसेनं घेतलेलं कार्ड पहिल्या वर्षातच किमान पात्रतेच्या खाली जाणं ही महागातली स्वस्ताई झाली.

एकाच नावाखाली दोन माल विकण्याची ही खोड जुनी आहे. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० असंच ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन रूपांत आलं आणि ३ जीबीच्या कार्डात कोअरही गुपचूप कमी होते. २०१८ मध्ये जीटी १०३० च्या नावाखाली संथ मेमरीचं कार्ड विकलं गेलं. जीटीएक्स ९७० च्या ४ जीबीपैकी शेवटचा अर्धा जीबी इतका मंद निघाला की प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि २०१६ मध्ये कंपनीला दर कार्डामागे ३० डॉलर द्यायची तडजोड करावी लागली. २०२२ मध्ये ४०८० नावाची दोन वेगळी कार्डं जाहीर झाली तेव्हा इतकी बोंब उठली की त्यातलं १२ जीबीचं कार्ड बाजारात यायच्या आधीच मागे घेतलं गेलं. एएमडीला यातून सोवळं समजायचं कारण नाही. २०१७ मध्ये तिनं आरएक्स ५६० गाजावाजा न करता कमी कोअरमध्येही आणलं. चीनसाठी काढलेलं २०४८ कोअरचं 'आरएक्स ५८०' तर आजही अनोळखी ब्रँडच्या खोक्यांतून ऑनलाइन बाजारात फिरतंय आणि मूळ ५८० समजून घेतलं जातंय. आरएक्स ९०६० एक्सटी २०२५ मध्ये आलं तेही ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत, एकाच नावानं. निदान त्यात कोअर तरी सारखे ठेवले.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचीही आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाबद्दल जिल्हा आयोगात तक्रार करायला फी लागत नाही. तरी सतरा हजारांच्या कार्डासाठी तारखा घेत बसायला कोण जाणार? म्हणून हे काम गिऱ्हाइकावर न ढकलता नियमानंच व्हायला हवं. चिप वेगळी किंवा कोअर वेगळे असतील तर मॉडेलचा क्रमांकही वेगळाच असला पाहिजे. पंख्यावर स्टार आणि तेलाच्या पिशवीवर वजन छापायची सक्ती करता येते, तर ही का नाही?

आता ३०५० ची बाजू. ती आहे आणि काही घरांत ती जड भरते.

कोल्हापुरात हे कार्ड फक्त खेळायला घेतलं जात नाही. लग्नाचे व्हिडिओ कापणारे स्टुडिओ, थ्रीडी शिकणारी पोरं, शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न आणि डायचं डिझाइन करणारे, कॉलेजात मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करणारे हे सगळे याच बजेटमध्ये असतात. ब्लेंडरमधलं रेंडरिंग असो की पायथॉनमधलं मॉडेल, बरीच सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडा या व्यवस्थेवर उभी आहेत आणि तिथं ६६०० चा खेळातला वेग कामाला येत नाही. व्हिडिओ एन्कोड करण्यातही एनव्हिडिया सरस. खेळातसुद्धा डीएलएसएस हे चित्र मोठं करण्याचं तंत्र एएमडीच्या एफएसआरच्या जुन्या आवृत्त्यांपेक्षा स्वच्छ दिसतं, आणि एफएसआरची नवी चौथी आवृत्ती एएमडीनं आपल्या ९००० मालिकेसाठी आणली. ज्याला दिवसा काम आणि रात्री खेळ करायचाय, त्यानं ८ जीबीचं ३०५० घेतलं तर त्याला कुणी वेड्यात काढू नये.

६ जीबीचं कार्डही एका जागी अगदी चपखल बसतं. कंपन्यांमधून निघालेले जुने ऑफिस पीसी दहा-पंधरा हजारांत मिळतात. त्यांचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, छोटा; जादा वायर नाही. ७० वॅटचं कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटवरूनच चालतं, वेगळी वायर लागत नाही. ६६०० घ्यायचं तर आठ पिनची वायर आणि बऱ्यापैकी एसएमपीएस हवा. "४५० वॅट" असं नुसतं स्टिकर मारलेल्या सातशे रुपयांच्या डब्याच्या भरवशावर वीस हजारांचं कार्ड लावणं म्हणजे जाणूनबुजून धोका पत्करणं आहे. दुकानदारानं हे सगळं समजावून ६ जीबीचं कार्ड दिलं तर त्यानं गिऱ्हाइकाचं भलंच केलं. तक्रार आहे ती न सांगता देण्याबद्दल.

आणि निम्म्या पोरांना यातलं कुठलंच कार्ड इतकं ताणायचं नसतं. व्हॅलोरंट आणि सीएस २ मध्ये बऱ्याचदा प्रोसेसर आधी थकतो, कार्ड नंतर; व्हॅलोरंट तर या तिन्हींवर १४४ हर्ट्झचा पडदा भरून काढतो. बीजीएमआय मोबाइलवरचा खेळ. 'जीटीए ६ साठी घेतोय' असं सांगणाऱ्यानं हेही लक्षात घ्यावं की तो खेळ जाहीर झाला तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी.

मग लाल खोकं पडून का राहतं? "एएमडीचे ड्रायव्हर त्रास देतात" हे वाक्य त्यामागे आहे आणि ते हवेतून आलेलं नाही. २०१९-२० मध्ये ५७०० मालिकेच्या कार्डांवर पडदा काळा पडण्याच्या तक्रारी खऱ्या होत्या. नंतर परिस्थिती सुधारली, पण बोभाटा राहिला. त्यात एएमडीनं २०२५ च्या अखेरीस ५००० आणि ६००० मालिकेचे ड्रायव्हर देखभालीपुरत्या वेगळ्या शाखेत टाकले. गदारोळ झाल्यावर नव्या खेळांसाठीचा आधार सुरूच राहील असा खुलासा तिला करावा लागला. स्वतःच्या पायावर धोंडा मारण्याची एएमडीची ही हातोटी एनव्हिडियाच्या जाहिरात खात्याला आयती मदत करते. जॉन पेडी रिसर्चच्या मोजणीत २०२५ च्या पहिल्या तिमाहीत डेस्कटॉपच्या सुट्या ग्राफिक्स कार्डांत एनव्हिडियाचा वाटा ९२ टक्के होता. ज्याचा माल रोज सुटतो तोच दुकानदार भरून ठेवणार. गिऱ्हाईक हिरवं मागतं म्हणून दुकानात हिरवं येतं, दुकानात हिरवं दिसतं म्हणून पुढचं गिऱ्हाईक तेच मागतं.

६६०० चा साठा आता आटत चाललाय आणि त्याची जागा नव्या जोड्या घेताहेत: २४९ डॉलरला आलेलं आरटीएक्स ५०५०, त्याच भावाचं पण १२ जीबीचं इंटेलचं आर्क बी५८०, आणि थोडं वर आरएक्स ९०६० एक्सटी. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचे भाव इतके चढवलेत की मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये आपला 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळायचं जाहीर केलं. कार्डांच्या किमतीत मेमरीचा वाटा मोठा असतो, त्यामुळे स्वस्त कार्डांत ६ आणि ८ जीबीची काटछाट आणखी वाढण्याचीच चिन्हं आहेत.

वडिलांनी कोअरचा अर्थ शिकायची गरज नाही. दुकानात उभं राहून कार्डाचं पूर्ण नाव, मेमरी किती आणि रस्ता किती बिटचा, एवढं विचारावं. त्याच भावात दुसऱ्या कंपनीचं काय आहे हेही विचारावं. एकवीस हजारांच्या कार्डात जवळपास बत्तीसशे रुपये जीएसटीचे असतात, म्हणून "बिलाशिवाय देऊ का, थोडं कमी होईल" असा प्रस्ताव हमखास येतो. तो नाकारून पक्क्या बिलावर "आरटीएक्स ३०५०" एवढंच न लिहिता पूर्ण मॉडेल, मेमरी आणि सिरियल नंबर लिहून घ्यावा. तीन वर्षांच्या वॉरंटीत कार्ड दुरुस्तीला पुण्या-मुंबईला धाडायची वेळ आली, तर तोच कागद दाखवावा लागतो.