काळविटाचा हंगाम कोण ठरवतो?



आपल्या पडेगावला मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, म्हणून आज शेळीपासूनच सुरुवात करू. उस्मानाबादी शेळीला माजावर यायला ठरावीक महिना लागत नाही, हे घरातली पोरेसुद्धा सांगतील. पण पाऊस होऊन हिरवा पाला मिळू लागला, किंवा बोकड दाखवण्याआधी दोन-तीन आठवडे मूठभर धान्य जास्त घातले, की बऱ्याच शेळ्या एकदम माजावर येतात. जुळीही जास्त होतात.

वैजापूर-येवल्याच्या माळावरच्या काळविटांचे असेच आहे. त्यांची वीण बारमाही. तरी जोर दोनदा दिसतो, एक पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि दुसरा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मादी पाच-सहा महिने गाभण राहते, म्हणजे एका जोराची पाडसे दुसऱ्या जोराच्या आसपास जन्मतात.

थंड मुलुखात गोष्ट वेगळी. लंडनकडे जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा, तर डिसेंबरमध्ये आठाच्याही आत. दिवस आखडू लागला की तिथल्या तांबड्या हरणाच्या मेंदूला खूण पटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नर झुंजू लागतात. पाडस थंडीत जन्मले तर मरेल ना! आपल्याकडे मोठ्या आणि लहान दिवसात फरक जेमतेम अडीच तासांचा. त्यामुळे इथे घड्याळापेक्षा गवताचे जास्त चालते. पाऊस लांबला, माळ कोरडा राहिला, तर माद्या अंगाने उतरतात आणि वीणही मागेपुढे होते.

नर मात्र जागा धरून बसतो. एकाच ठिकाणी लेंड्यांचा ढीग घालतो, डोळ्याखालच्या ग्रंथीचा वास काडीला पुसतो, दुसऱ्या नराला हुसकावतो. माद्यांचा कळप चाऱ्यामागे हिंडतो. चारा कुठे? उन्हाळ्यात माळ उघडा पडलेला असतो आणि पहिल्या पावसानंतर सर्वांत कोवळे हिरवे उगवते ते तुमच्या पेरलेल्या रानात! म्हणून मूग, सोयाबीन, कपाशी दोन-चार पानांवर असतानाच कळप शिरतो, बहुधा पहाटे आणि तिन्हीसांजेला. राखण त्याच दिवसांत नेटाची हवी. नुकसान झालेच तर वनखात्याकडे तीन दिवसांच्या आत अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत रान मोडू नका. दुबार पेरणीची घाई असते हे खरे, पण मोडलेल्या रानाचा पंचनामा कशाचा करणार?

आता खुरपणीला जाणाऱ्या बायाबापड्यांसाठी. गवतात किंवा बांधाच्या कडेला एखादे पाडस मान जमिनीला टेकवून निपचित पडलेले दिसेल. आईने टाकले असे समजून उचलू नका. पहिले काही दिवस ती त्याला असेच लपवते, दूर चरते आणि पाजण्यापुरती येते. तुम्ही जवळ उभे राहिलात तर ती येणारच नाही. तेवढी पात सोडून पुढे खुरपा, कुत्रे बांधा. घरी आणून बाटलीने पाजलेली पाडसे बहुतेक दगावतात, आणि १९७२च्या कायद्याने काळवीट पाळणे गुन्हाही आहे.

उन्हाळ्यात हीच जनावरे पाण्याच्या ओढीने येतात आणि कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. तुमच्या विहिरीला कठडा नसेल, तर निदान बोराटीची काटेरी शिरी तरी भोवती लावून घ्या. रात्री बारी द्यायला जाणाऱ्या तुमच्या मुलाच्याही ती कामी येईल.