दुकान उघडं आहे, हे सांगा!



ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध सुरू झाले आणि अश्दोदला माझ्या पुतण्याच्या दुकानात गिऱ्हाईक येईनासे झाले. पोहे, मसाले, कोकम, पापड असे आपले दुकान. सायरनच्या भीतीने म्हातारी माणसे घराबाहेर पडत नव्हती. पुतण्याने खर्च कमी करायचा म्हणून पहिल्यांदा जाहिरात बंद केली. मला म्हणाला, "काका, पेसाखपर्यंत बघतो, नाहीतर शटर पाडतो."

मी त्याला त्याच्याच फळीवरचा केलॉगचा डबा दाखवला. अमेरिकेत 1929 नंतर मोठी मंदी आली. तेव्हा पोस्ट आणि केलॉग या दोन कंपन्या न्याहारीचे असले पदार्थ विकत होत्या. पोस्टने जाहिरातीचा खर्च आखडला, केलॉगने उलट वाढवला, आणि केलॉग पुढे गेला. मुलांनो, कॉर्नफ्लेक्स खाताना हे लक्षात ठेवा!

पुतण्या म्हणाला, "काका, त्यांच्याकडे पैसा होता. माझ्याकडे कुठाय?"

बरोबर आहे. म्हणून मी त्याला आपल्या इथली गोष्ट सांगितली. 1984 साली इस्राएलमध्ये महागाई 400 टक्क्यांच्या वर गेली होती. आजची किंमत उद्या जुनी व्हायची. काही जण तर किंमत डॉलरमध्येच सांगत. पुढे जुलै 1985 मध्ये सरकारने कडक योजना आणली आणि 1986 पासून 1000 जुन्या शेकेलचा एक नवा शेकेल झाला. त्या दिवसांत आमची मंडळी एकाच दुकानात जात. का? तो दुकानदार भाव वाढायच्या आदल्या दिवशी सांगायचा, "मावशी, तेल आजच न्या." त्याची पाटी लहान होती, पण त्याचे नाव घरोघरी होते.

पुतण्याने मग उधारीची जुनी वही काढली. तीत दीडशेच्या वर फोन नंबर होते. सूनबाईने रोज दहा घरी फोन केला. आधी तब्येत विचारायची, मग सांगायची, "दुकान उघडं आहे. काय हवं ते सांगा, घरी आणून देतो." मोठी पाकिटे परवडत नव्हती त्यांच्यासाठी 100 ग्रॅमच्या पुड्या बांधल्या. जानेवारी 2024 मध्ये तू बिश्वात आला, तेव्हा मलिद्याचे सामान, म्हणजे पोहे, साखर, नारळ, वेलची, एका पिशवीत भरून वर किंमत लिहिली. त्या पिशव्या संपल्या.

पुतण्याला जुना मसाला निम्म्या भावात काढायचा होता. सूनबाई म्हणाली, "वास गेलेला मसाला एकदा घरी गेला की ते गिऱ्हाईक परत येत नाही." तो मसाला फेकला. नुकसान झाले, पण नाव राहिले.

कोकणात आपल्या वाडवडिलांना शनिवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. म्हणजे बाकीचे दिवस तेल मिळणार, हेही ठाऊक होते.

पुतण्या श्रीमंत झाला नाही. पण तो पेसाख आला नि गेला, आणि शटर वरच राहिले.

तेव्हा आपल्यापैकी कोणी पापड लाटत असेल, शिवण करत असेल, तर वाईट दिवसांत गप्प बसू नका. आणि मुलांनो, आजीचा माल विकायचा असेल तर तिला फोनवर फोटो पाठवायला शिकवा. बदल्यात एक करंजी नक्की मिळेल!

पुढील अंकी भेटू. शालोम.