शादीखान्याची रिकामी फरशी

गेल्या महिन्यात सांगलीत माझ्या भाचीचे स्केट्स माळ्यावर गेले. ती सातवीत आहे. कारण विचारलं तर अम्मी म्हणाली, "मोठी झाली ना आता." वीस-बावीस वर्षांपूर्वी त्याच घरात, याच वाक्यानं माझी सायकल बंद झाली होती. पुढं त्याच घरानं मला इंजिनियरिंगला घातलं, हॉस्टेलला ठेवलं, नोकरीला एकटीला पुण्याला धाडलं. मुलीचं डोकं कितीही पळू दे, पाय पळाले की आम्हाला धडकी भरते.

मी स्केटिंग शिकले तेहतिसाव्या वर्षी, साताऱ्यात. मुलीला क्लासला सोडायचे आणि कट्ट्यावर बसून ऑफिसचे मेसेज बघायचे. एक दिवस सर म्हणाले, "मॅडम, बसून काय करता? बूट घाला." पहिला धडा पडायचा. गुडघे वाकवा, मागं जाऊ नका, पुढं पॅडवर पडा. तोवर मला पडायला कुणी शिकवलंच नव्हतं. दोन महिन्यांत कट्ट्यावरच्या आणखी तिघी उतरल्या. एकीचा भाजीचा गाडा आहे, एक झेडपीच्या शाळेत शिकवते, तिसरीला सासरी कळू द्यायचं नव्हतं. आता कुणाचं पोर तापलं तर पहिला फोन आमच्यातच होतो.

लोक दोनच प्रश्न विचारतात. आपले विचारतात, ओढणीचं काय? बाहेरचे विचारतात, घरून परवानगी कशी मिळाली? गुडघ्याचं कुणी विचारत नाही. (बरा आहे.) ओढणीचं उत्तर सोपं आहे: सुटं टोक चाकात अडकतं, हेल्मेटखाली टाचणी टोचते; म्हणून टोपीसारखा शिवलेला स्कार्फ घाला, सलवारीला खाली इलॅस्टिक लावा. काबूलमध्ये २००७ साली सुरू झालेल्या 'स्केटिस्तान'मध्ये मुली डोक्याला रुमाल बांधूनच स्केटबोर्डवर चढायच्या. २०२१ मध्ये तालिबान परतले आणि त्यांच्यासाठी ते दार बंद झालं. रुमाल कधीच आड आला नव्हता.

जागा मिळाली की काय होतं ते आपल्या दोन जिल्ह्यांनी पाहिलंय. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला, सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिची सुरुवातीची अकादमी उसाच्या शेतात होती. सांगलीची स्मृती मानधना भावाच्या मागं मैदानावर गेली.

आपल्याकडं जागा नाही म्हणता? शादीखाना आहे. गुळगुळीत फरशी, चार भिंती, आतून लावता येणारं दार. लग्नाच्या तारखा सोडल्या तर कुलूप. महिला सक्षमीकरणाच्या शिबिराला तो मिळतो, कारण तिथं आम्ही खुर्चीत बसून ऐकतो. मुलींच्या स्केटिंगसाठी मागितला तर आमचे ट्रस्टी म्हणाले, "फरशीवर ओरखडे पडतील." त्याच फरशीवरून बिर्याणीच्या देगा फरफटत नेतात! हजरत आयेशांनी पैगंबरांशी (स.) शर्यत लावून जिंकल्याची हदीस याच चाचांनी मला ऐकवली होती, माझ्याच निकाहात.

भावांनो, तुम्ही रात्री अकरापर्यंत टर्फवर असता, तेव्हा तुम्हाला कुणी वय विचारत नाही. ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत आमच्यासाठी तोंड उघडा. रविवारी सकाळचे दोन तास हवेत. फरशी आम्ही पुसून देऊ, चावी वेळेवर परत करू. जरा लवकर करा. भाचीचे पाय वाढतायत, माळ्यावरचे स्केट्स तिला फार तर वर्षभर बसतील.