कावडीला खांदे अनेक

श्रावणातला शेवटचा सोमवार आला की अकोल्याचे जुने शहर रात्रभर जागे असते. गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून कावडी निघतात आणि 17-18 किलोमीटर पायी चालून राजराजेश्वराच्या मंदिरात पोचतात. ही प्रथा 1944 सालापासूनची. मोठ्या कावडीला भरण्यांची रांगच असते. ते वजन एका गड्याचे काम नव्हे. एक थकला की दुसरा खांदा लावतो, म्हणून कावड पोचते.

मंडळी, आज तुमच्या घरातल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींविषयी बोलायचे आहे. त्यांच्याही खांद्यावर एक कावड असते. ती दिसत नाही, इतकेच.

आमच्या आळीत खोली करून राहणारा बारावीचा एक मुलगा होता. गावाहून वडील आले ते माझ्याकडेच. म्हणाले, "मास्तर, पोट्टं धड जेवत नाई. पुस्तक घेऊन बसते, पण पान पलटत नाई. बोललं त अंगावर येते." आळशी म्हणून त्यांनी त्याला चार शब्द सुनावलेही होते.

मी त्याला रोज संध्याकाळी ओट्यावर बोलावू लागलो. दोन दिवस तो गप्प. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाबानं पडत्या भावात सोयाबीन इकून फी भरली. म्या नापास झालो त कोणत्या तोंडानं घरी जाऊ?" घरच्यांना वाटे, पोराला कर्जाची झळ लागू नये. पोराला वाटे, घरच्यांना आपली भीती कळू नये. दोघेही आपापली कावड एकटेच वाहत होते.

ताण ही मनाची दुबळेपणाची खूण नव्हे. शेतात पुढ्यात साप आला की छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास भराभर चालतो. अंग पळायला तयार होते आणि साप गेला की शांत होते. परीक्षेच्या आधी थोडी धडधड व्हावी, त्यानेच माणूस अभ्यासाला बसतो. पण मनातला साप महिनोन्महिने हलत नसेल, तर झोप उडते, भूक मरते, डोके-पोट दुखते, वाचलेले लक्षात राहत नाही. त्यातून या वयात भावना जोरात उसळतात आणि त्यांना लगाम घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. म्हणून पोर चिडले की तो माज समजू नये.

मग करावे काय? आधी ऐकावे. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य गिळून टाकावे. शेजारच्या मुलाच्या मार्कांशी तुलना करू नये. या वयाला रात्री आठ तास तरी झोप लागते. ती मोडून केलेला अभ्यास टिकत नाही. मोठा धडा छाती दडपवतो, त्याचे लहान तुकडे पाडावेत. रोज थोडे चालावे. जीव घाबरला तर श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहूनही सावकाश सोडावा. पाच मिनिटांत फरक पडतो. घरचे कर्ज मुलांपासून लपत नाही. म्हणून ते बेताने सांगावे आणि "फेडणे आमचे काम, तुझे नव्हे" हेही सांगावे. नापास होण्याने वर्ष बुडतेच असेही आता नाही. दहावीची फेरपरीक्षा 2015 पासून त्याच वर्षी होते.

आता एक गोष्ट काळजावर दगड ठेवून लिहितो. मूल दोन आठवडे उदास राहिले, एकलकोंडे झाले, आवडीच्या वस्तू वाटू लागले किंवा "मी नसतो तर बरं" असे बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. मरणाचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरात कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला असू द्या. ती घातकी घडी पुष्कळदा थोड्या वेळात टळते. तेवढ्यात विष हाती लागू नये. 14416 या सरकारी क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतही. ही 'टेली मानस' सेवा 2022 साली सुरू झाली. जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टरही असतात. तापाला औषध घेतो, तसेच हे. त्यात लाज कसली?

त्या मुलाच्या वडिलांना मी ओट्यावरच बसवले आणि पोराला बोलू दिले. ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फी गेली त गेली. आम्हाले तू पाह्यजे." त्या रात्री पोरगा गाढ झोपला.

निकाल काय लागला, म्हणाल? पास झाला. पण वडील ते वाक्य निकालाच्या आधी बोलले, ही त्यातली खरी गोष्ट. तुमच्या घरीही ते आधीच बोलून ठेवा.