'आलोच'ला इंग्रजीत काय म्हणावे?

गेल्या परीक्षेत माझ्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेवर एकच शेरा तीनदा होता : 'टेन्स'. शेक्सपिअरच्या नाटकावरील उत्तरात मी 'हॅम्लेट मीट्स द घोस्ट अँड प्रॉमिस्ड रिव्हेंज' असे लिहिले होते. चूक मान्य आहे. पण बारा काळांचा तक्ता मला शाळेपासून तोंडपाठ आहे. मग चूक व्हावी का?

माझ्या मते या चुकीचे मूळ पाठांतरात नसून मायबोलीच्या सवयीत आहे. आईने हाक मारली की आपण जागचे न हलता 'आलोच!' म्हणतो. घडायचे आहे ते भूतकाळात सांगतो! 'पाऊस आला तर येणार नाही' यातला पाऊस अजून यायचाच असतो. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ वापरते. 'तो म्हणाला, की मी येतो' यात आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत 'दॅट' आला की 'मी'चा 'तो' होतो आणि 'येतो'चा काळही मागे सरकतो. आजी गोष्ट सांगते तेव्हा राजा शिकारीला 'गेला' आणि पुढच्याच वाक्यात 'बघतो' तर काय, समोर वाघ! तिथे काळ बदलल्याने गोष्टीला रंग चढतो. इंग्रजी निबंधात मात्र तीच सवय गुण घालवते.

म्हणजे मराठीला काळाचे भान नाही असे मुळीच नव्हे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ सालीच मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. आपले नियम वेगळे आहेत, एवढेच. हे कोणी सांगत नाही, म्हणून मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी स्वतःलाच मंद समजतो. माझ्या एका मित्राने या लाल शेऱ्यांना भिऊन इंग्रजी हा विशेष विषय सोडला.

प्राध्यापकांना नम्र विनंती, की इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य मानू नये. दोन्ही भाषांतील वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी मांडावीत. आणि मित्रहो, उत्तर लिहिण्यापूर्वी आपणही काळ ठरवून घ्यावा. शेक्सपिअर १६१६ साली वारला, तेव्हा त्याचे चरित्र भूतकाळात लिहावे. हॅम्लेट प्रत्येक प्रयोगात नव्याने पिशाच्चाला भेटतो, म्हणून नाटकातील घटना वर्तमानकाळात. प्रसंगाची वेळ खरोखर बदलली, तरच क्रियापद बदलावे.

एवढे सांभाळले तर पुढच्या खेपेस तो शेरा तीनदा येणार नाही, अशी आशा आहे.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला