शाल, श्रीफळ आणि काझू

गेल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला आमचा एक मित्र सरकारी नोकरीतून निवृत्त झाला. वय ५८ पूर्ण. शाल, श्रीफळ, गुच्छ आणि पाच भाषणं. बोलणाऱ्यांपैकी तिघांनी 'दुसरी इनिंग' हे शब्द वापरले. कार्यक्रम संपल्यावर जिन्यात त्याने नारळ माझ्या हातात कोंबला. म्हणाला, "हा तू ने. घरी दोन पडलेत."

तो नारळ घेऊन रिक्षात बसलो आणि मला काझू आठवला.

काझुयोशी मिउरा. जन्म २६ फेब्रुवारी १९६७, जपानमधलं शिझुओका. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत असता तर फेब्रुवारी २०२५च्या अखेरीस त्यालाही असाच नारळ मिळाला असता. त्या मोसमात मात्र सुझुका गावच्या फुटबॉल संघात फॉरवर्ड म्हणून त्याचं नाव होतं. मार्गदर्शक किंवा मानद सल्लागार म्हणून नाही, खेळाडू म्हणून. जर्सी नंबर ११.

हा अकराचा सोस तर विचारूच नका. योकोहामा एफसीमध्ये असताना त्याच्या नव्या कराराची घोषणा ११ जानेवारीला, सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी व्हायची. आपल्याकडे गुरुजींना विचारून मुहूर्त काढतात. इथे पाठीवरच्या आकड्यावरून.

पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो एकटा ब्राझीलला गेला. साल १९८२. तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल नव्हताच. होते ते कंपन्यांचे संघ, सकाळी कचेरी आणि संध्याकाळी सराव. आणि ब्राझीलमध्ये जपानी पोराने फुटबॉल शिकायला यावं, हा चेष्टेचा विषय. साओ पावलोच्या जुव्हेंटुस क्लबात तो धडपडला, १९८६ मध्ये पेलेच्या सांतोसशी करार झाला, मग इकडचे तिकडचे क्लब, मग पुन्हा सांतोस. आठ वर्षांनी घरी परतला तेव्हा त्याच्या पायांत जपानी शिस्तीसोबत ब्राझीलची मस्तीही आली होती. गोल झाला की कॉर्नरच्या झेंड्यापाशी पाय भराभर आतबाहेर करत नाचायचा. तोच तो 'काझू डान्स'. ज्या देशात आनंदही कमरेत वाकून व्यक्त करतात, तिथे हे!

१९९३च्या मे महिन्यात जे-लीग सुरू झाली आणि या नाचणाऱ्या माणसाला सिंहासन मिळालं. 'किंग काझू'. आदल्या वर्षी हिरोशिमात जपानने पहिल्यांदा आशिया चषक जिंकला, त्यात सर्वोत्तम खेळाडू काझू. लीगच्या पहिल्या मोसमात वेर्दी कावासाकी विजेता, सर्वोत्तम खेळाडू पुन्हा काझू. राहिलं होतं एकच, विश्वचषक. तिथे जपान तोवर कधी पोहोचलाच नव्हता.

२८ ऑक्टोबर १९९३, दोहा. पात्रता फेरीचा शेवटचा सामना, समोर इराक. पाचव्याच मिनिटाला काझूचा गोल. नव्वद मिनिटं संपत आली तेव्हा जपान २-१ ने पुढे, अमेरिकेचं तिकीट जवळजवळ खिशात. इराकला कॉर्नर मिळाला. त्यांनी चेंडू थेट गोलसमोर न मारता जवळच्या गड्याकडे सरकवला. त्याचा क्रॉस अडवायला जो जपानी खेळाडू जिवाच्या आकांताने घसरत गेला, तो काझू. चेंडू त्याच्या पायाला चकवून गेला, इराकी डोक्याला लागला आणि जाळ्यात. २-२. गुण दक्षिण कोरियाइतकेच, पण गोलफरकात जपान मागे. 'दोहाची शोकांतिका' असंच नाव त्या रात्रीला जपानमध्ये पडलं आहे. गोल करणारा पुढचा गडी शेवटच्या मिनिटाला बचावात घसरतो आणि वीतभर कमी पडतो. हे एखाद्या कादंबरीत वाचलं असतं तर लेखकाने जरा जास्तच ताणलं, असं मी म्हटलं असतं.

मधे एक वर्ष इटलीतल्या जेनोआकडून खेळून आला. सेरी आ मधला पहिला जपानी. पदार्पणातच मिलानच्या फ्रँको बारेसीवर आदळून नाक मोडलं. मोसमात गोल एकच, पण तो साम्पदोरियाविरुद्ध, म्हणजे गावातल्याच वैऱ्याविरुद्ध.

दोहानंतर चार वर्षांनी जपान शेवटी विश्वचषकाला पात्र ठरला. त्या फेरीतल्या उझबेकिस्तानविरुद्धच्या एकाच सामन्यात काझूचे चार गोल. पुढे मात्र त्याचा सूर हरवला. २ जून १९९८ रोजी स्वित्झर्लंडमधल्या सराव शिबिरात प्रशिक्षक ताकेशी ओकादा यांनी पत्रकारांसमोर वगळलेल्या तिघांची नावं वाचली. त्यात काझू. देशाला फुटबॉल शिकवणारा माणूस देशाच्या पहिल्या विश्वचषकाच्या उंबरठ्यावरून परत. तो मायदेशी उतरला तो केस सोनेरी रंगवून. जपानी संघाचा अभिमान आणि आपला आत्मा तिथेच ठेवून आलो, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. आणि जपान? तीन सामने, तीन पराभव, एक गोल. ओकादांचा निर्णय चुकला का, यावर तिथे अजून वाद होतात. मला विचाराल तर फॉर्म पाहता निर्णय बरोबर होता आणि तरीही तो घ्यायला नको होता. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

त्यानंतरची हकीकत लिहिणारे बहुतेकजण एक सोयीची गोष्ट सांगतात : विश्वचषक हुकला, ती जखम भरत नाही, म्हणून हा थांबत नाही. मला हे पटत नाही. देशाकडून शेवटचा सामना तो २००० मध्ये खेळला. ८९ सामने, ५५ गोल. तो दरवाजा तेव्हाच बंद झाला. बंद दारासमोर पंचवीस वर्षं कुणी कडी वाजवत बसत नाही. तो नुसता कामावर जातो, इतकंच. झाग्रेब, क्योतो, कोबे, योकोहामा. ४५व्या वर्षी थायलंडमध्ये फुटसालचा, म्हणजे पाच-पाच जणांच्या फुटबॉलचा, विश्वचषक खेळला. १२ मार्च २०१७ रोजी गुन्माविरुद्ध गोल केला तेव्हा वय ५० वर्षं १४ दिवस. व्यावसायिक सामन्यात गोल करणारा सर्वांत वयस्कर खेळाडू म्हणून इंग्लंडच्या म्हाताऱ्या स्टॅनले मॅथ्यूजचं नाव त्याने मागे टाकलं. आणि हो, नाचला.

पण भाबडेपणाही नको. २०२१च्या अख्ख्या लीग मोसमात तो एकदाच मैदानात उतरला, तोही शेवटच्या क्षणांपुरता. ५५ वर्षांचा असताना पोर्तुगालच्या ओलिवेरेन्सेत गेला. त्या क्लबाची मालकी योकोहामाच्याच मालक उद्योगसमूहाकडे. त्याच्या नावावर तिकिटं खपतात, जर्सी खपतात, कॅमेरे येतात. आणि बाकावर त्याने अडवलेल्या जागेवर विशीतला एखादा पोरगा बसला असता, हेही खरं. विजय मर्चंट म्हणायचे, लोक 'का थांबलास' विचारतील तेव्हा थांबावं. 'का थांबत नाहीस' विचारेपर्यंत नाही. मुंबईच्या क्रिकेटमध्ये हा वेदमंत्र. काझूला लोक दुसरा प्रश्न वीस वर्षं विचारत आले आणि तो सरावाला सगळ्यांच्या आधी पोहोचत आला.

रात्री मी मित्राला काझूच्या त्या पन्नाशीतल्या गोलची चित्रफीत पाठवली. खाली त्याचं वयही लिहिलं. बराच वेळ निळ्या खुणा नुसत्याच दिसत राहिल्या. मग उत्तर आलं :

"पेन्शन नाही का रे त्याला?"